फिटर निघालाय

मित्रांनो, मी एक जुनी डायलिसिसची मशीन आहे. सरकारी दवाखान्याच्या जिन्याखाली जी तिरपी जागा असते ना, तिथे एक मोडका पलंग आणि रंगाचे रिकामे डबे यांच्या शेजारी माझा मुक्काम आहे. अंगावर प्लास्टिक टाकलंय, तेही अर्धंच. येणारी-जाणारी मुलं मला पाहून आईला विचारतात, "हे काय गं? फ्रीज आहे का?" आई म्हणते, "असेल काहीतरी, हात लावू नकोस." फ्रीज म्हणे! अस्सा राग येतो मला. पण जिन्याखाली बसलेल्याचं कोण ऐकतंय? आज तुम्ही सापडलाच आहात, तर जरा बसा आणि माझं सगळं ऐकूनच जा.

आधी माझं काम सांगते. तुमच्या पाठीत, बरगड्यांच्या जरा खाली, मुठीएवढी दोन मूत्रपिंडं असतात. रक्तातली घाण आणि अंगातलं जास्तीचं पाणी ती सारखी बाहेर काढत असतात. कुणी त्यांना कधी शाबासकी देत नाही. ती निकामी झाली की घाण अंगातच साठत जाते, पाय सुजतात, छातीत पाणी भरतं, चार पावलं चाललं तरी धाप लागते. अशा माणसाला माझ्याशेजारच्या खुर्चीत आणून बसवत. त्याच्या हातात दोन सुया घालत. एका नळीतून त्याचं रक्त माझ्याकडे यायचं, मी ते धुऊन दुसऱ्या नळीतून परत द्यायची. याला चार तास लागतात, आठवड्यातून तीनदा यावं लागतं आणि हे बहुतेकांना जन्मभराचं असतं. पाळी चुकली की माणूस कासावीस होतो. आणखी लांबली तर जिवावर बेततं.

या धुण्याला पाणी लागतं, तेही पिंपंच्या पिंपं. नळाचं साधं पाणी चालत नाही, कारण त्यातलं जंतू मारायचं औषध रक्तात गेलं तर घात होतो. म्हणून आमच्या वॉर्डाच्या मागे पाणी शुद्ध करणारा मोठा संच बसवला होता. त्या खोलीला सगळे 'पाण्याची खोली' म्हणत. तिथली मोटर सकाळी घूं घूं करायला लागली की आमच्या जिवात जीव येई. मला पाणी कमी पडलं की मी शिट्टी वाजवते आणि काम थांबवते. घाणेरड्या पाण्यानं मी कुणाचं रक्त धुणार नाही, मग कुणी कितीही बटणं दाबोत. माझा स्वभावच तसा बनवलाय.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझा एकेक स्क्रू तपासला, मला चार वेळा शिट्टी वाजवायला लावली आणि खोक्यात बंद केलं. खोकं उघडलं ते या गावात.

इथे मी कशी आले, तेही ऐकण्यासारखं आहे. या गावात सरकारी दवाखाना होता, पण त्यात माझ्यासारखी एकही मशीन नव्हती. ज्यांची मूत्रपिंडं गेली, ते उजाडायच्या आत बस पकडून मोठ्या शहरात जायचे आणि अंधार पडल्यावर परत यायचे. काही दिवसांनी बरेच जण जायचेच थांबत. घरीच राहत, आणि मग पुढे काय होई ते वेगळं सांगायला नको. मग सरकार आणि एक खासगी कंपनी यांची भागीदारी ठरली. सरकारनं जागा, वीज आणि पाणी द्यायचं. कंपनीनं मशिनी, माणसं आणि औषधं आणायची. रोग्याकडून एक पैसाही घ्यायचा नाही. दोन घरांची सोयरीक जुळावी तसं सगळं झालं. फीत कापली, फोटो निघाले. माझ्या डाव्या अंगाला कंपनीचा नंबर चिकटवला आणि उजव्या अंगाला सरकारचा. लग्न झालेल्या मुलीनं दोन्ही आडनावं लावावीत, तशी मी मिरवत होते.

खोटं कशाला बोलू? ते दिवस फार चांगले होते. पहाटेची बस पकडणारे लोक आता घरचा चहा पिऊन, पायात चपला सरकवून सावकाश येऊ लागले. बाहेरगावचे, परदेशातले पाहुणे आम्हाला बघायला येत. पाहुणे येणार म्हटलं की सिस्टर आम्हाला घासूनपुसून लख्ख करी. आमची सिस्टर म्हणजे मूर्ती लहान पण कीर्ती महान. एका वेळी सहा मशिनी, सहा रोगी आणि त्यांचे सहा रुसवे ती एकटी सांभाळायची.

माझ्या खुर्चीत बसायचे ते सलूनवाले काका. बसस्टँडजवळ त्यांचं दोन खुर्च्यांचं दुकान होतं. पहिल्याच दिवशी सुया टोचून घेताना त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "काय धोबीणबाई, नीट धुवा बरं का! कॉलर राहू देऊ नका." सगळा वॉर्ड हसला. तेव्हापासून माझं नाव धोबीण पडलं. मला आवडायचं ते. नुसत्या नंबरापेक्षा बरं.

चार तास काकांच्या तोंडाला टाळं नसे. कुणाचं टक्कल कसं लपवलं, कोणत्या नवरदेवाची अर्धी मिशी चुकून उडाली, सगळं सांगायचे. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. काका घसा कोरडा पडला की तोंडात बर्फाचा एक खडा धरत आणि म्हणत, "घ्या, झाली मेजवानी." पण त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत असायची. ते काकूंना दुकानाचं काम शिकवत होते. आपल्यामागे हिनं कुणापुढे हात पसरू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. काकूंना दाढी छान जमायला लागली होती. केस कापणं मात्र अजून जमत नव्हतं. "कात्री धरते की अडकित्ता, तेच कळत नाही," काका म्हणायचे. आणि मग हळूच माझ्याकडे वळून, "धोबीणबाई, हिचा हात बसेपर्यंत मला ओढा. मग तुमची माझी फारकत झाली तरी चालेल."

तेवढंच हवं होतं त्यांना. फार नव्हतं मागितलं.

आता त्या पाण्याच्या खोलीचं सांगते. खोली सरकारची, आतला संच कंपनीनं आणलेला. सुरुवातीला तो एकदा बिघडला तेव्हा दोन्हीकडची मंडळी हातघाईवर आली. कंपनी म्हणे, पाणी द्यायचं काम सरकारचं. सरकार म्हणे, संच तुमचा, तुम्ही बघा. शेवटी दवाखान्याच्या मोठ्या मॅडम आणि कंपनीचे मॅनेजर एकत्र बसले. मॅडम शांत आणि समंजस, मॅनेजरही मनानं सरळ. दोघांनी चहा घेत घेत ठरवून टाकलं की भांडायचं नाही. ज्याला आधी कळेल त्यानं फिटरला बोलवायचं, बाकीचं मागाहून बघू. पाण्याच्या संचाचं काम जाणणारा फिटर एकच होता. तो तासा-दोन तासांच्या अंतरावर राहायचा आणि त्याचा फोन नंबर दोघांकडेही होता. ही युक्ती पुढे कितीतरी वर्षं छान चालली. पाहुण्यांना मॅनेजर कौतुकानं सांगत, "दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना? आमचा पाहुणा दोन्ही घरी जेवतो!" मॅडमही हसत. बोलावल्यावर दुसऱ्याला तसं कळवायचं, हे मात्र ठरवायचं राहूनच गेलं होतं. दोघांतही इतका विश्वास होता की तशी गरज कुणाला वाटली नाही.

एका सोमवारी सकाळी मोटरचा आवाज बदलला. घूं घूं ऐवजी घरघर यायला लागली आणि पाण्याची धार करंगळीएवढी झाली. सहांपैकी चार मशिनींनी शिट्ट्या मारल्या. मी आणि माझी शेजारीण शुद्ध पाण्याच्या टाकीच्या जवळ, म्हणून आम्हा दोघींना पाणी पोचत होतं. सोमवार म्हणजे आमच्याकडे सगळ्यात वाईट दिवस. रविवारची सुट्टी मध्ये पडल्यानं सगळ्यांच्या अंगात पाणी साचलेलं असतं.

पुढचं मला नंतर सिस्टरच्या बोलण्यातून कळलं. मॅनेजर धावत पाण्याच्या खोलीकडे गेले. दाराशी दवाखान्याचा प्लंबर पाने-पकडी पसरून बसला होता. तो खरं तर बोळातलं तुंबलेलं बेसिन दुरुस्त करत होता. पण मॅनेजरांना वाटलं, चला, मॅडमना आधीच कळलंय, त्यांनी माणसं कामाला लावली, फिटरलाही बोलावलं असणार. ते निश्चिंत होऊन परतले. तिकडे मॅडमच्या कानावर पाण्याची गोष्ट गेली होती. त्यांनी खिडकीतून पाहिलं तर आवारात कंपनीची गाडी उभी, दोन माणसं खोकी उतरवतायत. ती खोकी होती आमच्या नळ्यांची, दर महिन्याला यायची तशी. मॅडमना वाटलं, कंपनी कामाला लागली. त्याही आपल्या पेशंटकडे वळल्या.

लोकांनी मॅनेजरांना विचारलं. ते म्हणाले, "फिटर निघालाय. संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत." राऊंडला आलेल्या मॅडमना विचारलं. त्याही म्हणाल्या, "हो, हो, फिटर निघालाय." दोन्ही मोठी माणसं एकच सांगतायत म्हटल्यावर कोण शंका घेणार? रोग्यांनी जरा हुश्श केलं.

आमच्या वॉर्डात एक रीत होती, काकांनीच पाडलेली. मशिनी कमी पडल्या तर सिस्टरला त्रास द्यायचा नाही, पाळ्या आपापसात ठरवायच्या. ज्याला धाप जास्त, तो आधी बसेल. त्या दिवशी शेजारच्या मशीनवर एका म्हाताऱ्या आजोबांना सगळ्यांनी मिळून बसवलं. माझ्यावर पाळी काकांची होती. पण बालवाडीच्या बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या नव्यानंच यायला लागल्या होत्या, वय लहान, घरी दूधपितं मूल. त्यांचे ओठ सुकले होते आणि पदर श्वासाबरोबर वरखाली होत होता.

काका खुर्चीतून उठले. "या बाई, बसा."

"अहो नको काका, तुमचा नंबर आहे."

"बसा म्हणतो ना. मोठ्या माणसाचं ऐकायचं असतं, हे मुलांना तुम्हीच शिकवता."

सिस्टर मध्ये पडली. "काका, वजन बघा तुमचं किती वाढलंय! पाय बघा. दोघांना दोन-दोन तास देते मी."

"अगं, अर्धी हजामत करून कुणाला घरी पाठवतात का?" काका म्हणाले. "त्यांची पूर्ण होऊ दे. फिटर निघालाय ना? उद्या सकाळी पहिला नंबर माझा. एका दिवसात काय मी पळून जातोय?"

सगळे हसले, सिस्टरसुद्धा. आणि बाई बसल्या. मी त्यांचं रक्त मन लावून धुतलं. काका जाताना माझ्यावर टिचकी मारून म्हणाले, "उद्या येतो हं, धोबीणबाई." मला तेव्हा त्यांच्या आवाजातली घरघर ऐकू आली होती. पण मला बोलता येत नाही, मित्रांनो, मला फक्त शिट्टी वाजवता येते, आणि तीसुद्धा पाण्यासाठी.

बाईंचे चार तास कसेबसे पुरे झाले आणि पाणी पार बंद पडलं. कुणी घाबरलं नाही. उरलेल्यांना सिस्टरनं उद्या लवकर या म्हणून सांगितलं. फिटर येणारच होता, रात्रीतून काम करून जाईल असं सगळ्यांनी धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू काकांना रिक्षातून घेऊन आल्या. काकूंनी आणि रिक्षावाल्यानं धरून त्यांना आत आणलं. काका काही बोलत नव्हते. काका बोलत नाहीत म्हणजे काय ते आम्हाला बरोबर कळलं. सिस्टरनं त्यांना खुर्चीत बसवलं, ऑक्सिजन लावला, एका हातानं इंजेक्शन भरलं आणि दुसऱ्या हातानं मला चालू केलं.

मी शिट्टी वाजवली. पाणी नव्हतं.

तिनं मला बंद करून पुन्हा चालू केलं. मी पुन्हा शिट्टी वाजवली. दुसरं काय करणार मी? माझा एकही स्क्रू ढिला नव्हता, एकही नळी फाटलेली नव्हती, मी धडधाकट होते. माझा माणूस माझ्याशेजारी बसून श्वासासाठी तडफडत होता, आणि मी नुसती कोकलत होते.

मॅनेजर आणि मॅडम दोघंही धावत आले.

"तुमचा फिटर कुठवर आलाय?" मॅडमनी विचारलं.

"माझा?" मॅनेजर म्हणाले. "तुम्ही बोलावलाय ना?"

"मी? काल तुमची गाडी आली होती..."

"तुमचा प्लंबर तिथे काम करत होता..."

मॅनेजरांनी तिथल्या तिथे फोन लावला, पण घाईत नंबर दोनदा चुकला. मॅडमनी शहरातल्या मोठ्या दवाखान्यासाठी रुग्णवाहिका मागवली आणि स्वतः काकांच्या छातीला स्टेथोस्कोप लावून बसल्या. करता येण्यासारखं सगळं त्यांनी केलं. त्यात कसूर नव्हती.

काकूंना यातलं काहीच कळलं नव्हतं. त्या काकांचा हात चोळत होत्या आणि लहान मुलाला समजवावं तसं सांगत होत्या, "जरा दम धरा हो. फिटर निघालाय. येतोच आहे. आता पोचेलच बघा."

रुग्णवाहिका फाटकात शिरायच्या आतच काका गेले.

फिटर दुपारी आला. त्यानं पिशवी उघडली, मोटरचा एक जळालेला भाग बदलला, आणि चहा निवायच्या आत घूं घूं सुरू झालं. हात पुसत तो म्हणाला, "एवढंच होतं. काल फोन केला असता तर कालच आलो असतो की. मी घरीच होतो दिवसभर." मग कुणीतरी त्याला बाहेर नेऊन सांगितलं, तेव्हा तो पायरीवर बसून राहिला.

काही दिवसांनी काकू आल्या. डायलिसिसला थंडी वाजते, म्हणून काकांनी घरून आणलेली चादर आमच्या कपाटात राहिली होती, ती न्यायला. चादर छातीशी धरून त्यांनी सिस्टरला विचारलं, "त्या दिवशी फिटर नक्की निघाला होता ना गं?" सिस्टर त्यांच्या गळ्यात पडून रडली. काकूंना उत्तर मिळालं.

चौकशी झाली. कुणाचाच दोष निघाला नाही. खरंच, कुणी काही वाईट केलं नव्हतंच. दोन भल्या माणसांनी एकमेकांवर विश्वास ठेवला होता आणि मधल्यामध्ये एक माणूस गेला. मॅनेजर पुढे नोकरी सोडून गेले. मॅडम निवृत्त होईपर्यंत आमच्या वॉर्डात रोज येत, उगाच पाण्याच्या खोलीत डोकावून जात. काकूंनी दुकान उघडं ठेवलंय म्हणतात. फक्त दाढी करतात. केस कापायला लोक पलीकडच्या दुकानात जातात.

काकांच्या जाण्यानंतर माझ्यात राम राहिला नाही, असं मी म्हणणार नाही. मी पुढेही खूप वर्षं रक्त धुतलं, चोख धुतलं. मग कराराची मुदत संपली. नवी कंपनी आली, नव्या मशिनी आल्या, मला ढकलत जिन्याखाली आणलं. जुनी कंपनी म्हणते, आम्ही मशीन सरकारच्या ताब्यात दिली. सरकार म्हणतं, आमच्या ताब्यात आलीच नाही. अंगावर दोन्ही नंबर अजून आहेत, धनी मात्र एकही नाही. माझ्या वायरी उंदरांनी खाल्ल्यात. असो. माझं काय, मी लोखंडाची आहे.

वरच्या वॉर्डात नवीन मशिनींवर बालवाडीच्या बाई अजून येतात. त्यांचं मूल आता हायस्कूलला जातं. जिना चढायच्या आधी त्या इथे थांबतात आणि प्लास्टिकखाली हात घालून माझ्या अंगावर ठेवतात. एकदा मोटरची घरघर खाली माझ्यापर्यंत ऐकू आली. वरून कुणीतरी ओरडलं, "काही काळजी करू नका, फोन गेलाय!" बाई जिन्यातच थांबल्या. पर्समधून मोबाईल काढला, फिटरला फोन लावला आणि म्हणाल्या, "दादा, पाणी कमी झालंय. तुम्हाला आधी कुणी सांगितलंय का? ...सांगितलंय? बरं, मग मीही सांगतेय. निघालात का? ...कुठवर आलात?" आणि फिटर दारात दिसेपर्यंत त्या तिथेच जिन्यात उभ्या राहिल्या.

मित्रांनो, मी तुमच्याकडे दुसरं काही मागत नाही. मला पुसू नका, रंग देऊ नका, मी काही आता उठणार नाही. पण शाळेत, गल्लीत, दवाखान्यात, जे काही दोघांचं आहे, चौघांचं आहे, सगळ्यांचं आहे, ते बिघडलेलं दिसलं, तर दुसऱ्या कुणी सांगितलं असेल असं समजून पुढे जाऊ नका. फिटरला दोन फोन गेले तर तो फार तर वैतागेल, म्हणेल, "अहो, किती वेळा सांगता!" वैतागू दे त्याला. एकही गेला नाही, तर काय होतं ते मी माझ्या शेजारच्या खुर्चीत पाहिलंय.